ओळख न दाखवण्याचा नियम

जळगावच्या त्या बंगल्यात आम्ही दोघी बहिणी एकाच बाईला दोन नावांनी हाक मारायचो. हॉलमध्ये पाहुणे असले की ती मम्मी, आणि स्वयंपाकघराचा पडदा ओलांडला की माय. हा हुकूम भाऊंचा, म्हणजे आमच्या वडिलांचा. ते पाटबंधारे खात्यात साहेब होते. असोद्याच्या शेतमजुराचा मुलगा सरकारी जीपमधून हिंडत होता, आणि त्या जीपचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढीच धास्तीही होती. मायला मात्र ते 'मम्मी' कधी अंगी लागलं नाही. मी चारचौघांत तशी हाक मारली की ती आधी इकडेतिकडे बघायची, मग तिच्या लक्षात यायचं की हे आपल्यालाच. तिचं माहेर साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरच्या अलीकडचं एक लहानसं गाव, आणि बोली अहिराणी. पडद्याच्या आत ती अहिराणीत भांडायची, लाड करायची, भांडी घासता घासता ओव्या म्हणायची. पडद्याबाहेर आली की तिचं बोलणं निम्म्यावर यायचं, कारण प्रत्येक शब्द तोंडातून सोडण्याआधी तिला तपासून बघावा लागे. पाहुणे म्हणत, इंजिनिअरीणबाई फार शांत स्वभावाच्या आहेत. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून ओठ चावायचो.

आमच्या समाजातल्या साहेब लोकांचं एक मंडळ होतं. दहा-बारा कुटुंबं, सगळी बौद्ध, सगळी पहिल्याच पिढीत खुर्चीवर बसलेली. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी बंगल्यावर जमायचं. आधी त्रिसरण-पंचशील, मग चहा-फराळ, मग पुरुषांच्या बदल्या-बढत्या आणि बायकांच्या सोयरिकी. बायकांना तिथे स्वतःचं नाव नव्हतं. एक मॅनेजरीणबाई, एक तहसीलदारीणबाई, एक डॉक्टरीणबाई, आणि ही डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांची बायको, सातवी शिकलेली. माणसं मोजायची ती नोकरीच्या वर्गावर. क्लास वन, क्लास टू, आणि ज्यांच्याबद्दल आवाज खाली करून बोलायचं ते क्लास थ्री. ज्यांच्या आजोबांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या सुनांनी दिवाणखान्यात बसून आपापसात तीन वेशी बांधल्या होत्या. आज हे लिहिताना मला शहाणपण सुचतंय, पण तेव्हा मी तिथे नवा फ्रॉक घालून बशीतला केक चमच्याने खात बसलेली असायची, आणि मला ते सगळं फार आवडायचं हेही सांगितलं पाहिजे.

आमच्याकडे मंडळाची पाळी असली की माय पहाटेपासून पावाच्या कडा कापत बसायची. सँडविच कडेशिवाय असतं हे तिला मॅनेजरीणबाईंनी शिकवलं होतं. भजी चालत नसत, शेवभाजीचा तर वासही नको. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा माळ्यावर जायचा. मग सोमवारी त्या सगळ्याचं उट्टं निघायचं. परसात कापसाच्या काड्या पेटवून माय भरताची वांगी भाजायची, आणि त्या धुराचा वास न्हाणीघरापर्यंत यायचा. भाऊ कचेरीतून आल्या आल्या शर्ट काढून बनियनवर पाटावर बसत. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, कच्च्या तेलाची धार घातलेलं भरीत, कांद्याची पात. आदल्या दिवशी काटा-चमच्याने खाणारा माणूस पाचही बोटं चाटून पुसून जेवायचा, आणि माय म्हणायची, "आते कसं, साहेब घर उनात." आत्ता कुठे साहेब घरी आले. भाऊ हसायचे. ते हसणं मला फार लख्ख आठवतं, कारण ते क्वचितच ऐकू यायचं.

आता नियमाबद्दल. भाऊ नोकरीला नवे लागले तेव्हाची गोष्ट. गावाकडचे दोघे-तिघे भाऊबंद त्यांना भेटायला थेट कचेरीत गेले, आणि सगळ्यांसमोर त्यांना लहानपणच्या नावाने हाक मारून त्यांनी गळ्याला मिठ्या मारल्या. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत भाऊंचा चहा वेगळ्या कपात यायला लागला. कान तुटलेला कप. तो कप त्यांनी वर्षभर वापरला आणि बदली करून घेतली. त्यानंतर घरात नियम झाला की आपल्या माणसांना बाहेर ओळख दाखवायची नाही. बाजारात, स्टँडवर, लग्नकार्यात गावाकडचं कुणी दिसलं तर नजर वळवायची. घरी आले की मात्र पाय धुवायला पाणी, पंक्तीत पहिलं ताट, निघताना लुगडं-टोपी. बाहेर ओळख नाही आणि घरात परकेपणा नाही. आणि खरं सांगते, याचं कुणाला वाईट वाटत नसे, किंवा आम्हाला तसं वाटायचं. गावाकडच्यांनाही नियम माहीत होता. असोद्याचे निंबाकाका, भाऊंचे चुलतभाऊ, आठवड्याच्या बाजारात आमच्या शेजारून टोपली घेऊन जात आणि आकाशाकडे बघत. तासाभराने मागच्या दाराने घरात येऊन मला म्हणत, "पाह्यलं का बेबी, कसं नाई वळखलं तुले?" आम्ही खो खो हसायचो. आमच्या घरात तो खेळ होऊन गेला होता. कुणी आपल्याकडे न बघता गेला की समजायचं, हा आपलाच, हा रात्री जेवायला येणार.

माझी मोठी बहीण उज्ज्वला माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची, सगळं मंडळ तिला डॉक्टर म्हणायचं, ती डॉक्टर होण्याच्या तीन वर्षं आधीपासून. धुळ्याला मेडिकलला नंबर लागला तेव्हा भाऊंनी पेढे वाटले नाहीत, ते देवळात जावं तसे आंघोळ करून, पांढरा सदरा घालून हॉलमधल्या तसबिरीसमोर अर्धा तास उभे राहिले. मंडळातली ती पहिली मुलगी. तिला सर्जन व्हायचं होतं. बाई माणसाने फार तर बाळंतपणं करावीत असं तहसीलदारीणबाई म्हणाल्या तेव्हा ताईने त्यांच्या हातातला चाकू घेतला आणि समोरचा पपया इतका सुरेख सोलून दाखवला की त्या गप्प झाल्या. अशी होती ती. घरी सुट्टीला आली की माझ्या दंडावरच्या शिरांची नावं सांगायची. मंडळातल्या बायकांची मात्र तिच्यावर वेगळीच नजर होती. नाशिकचा एक क्लास वन, औरंगाबादचा एक क्लास वन, असे दोन फोटो मायच्या कपाटात येऊन पडले होते.

ताईने मला अशोकबद्दल सांगितलं ते दिवाळीच्या सुट्टीत, तिच्या होस्टेलवर. मी चार दिवस राहायला गेले होते. तो तिच्या एक वर्ष पुढे, पिंपळनेरचा, आपल्याच समाजातला. संध्याकाळी तो आम्हाला पाच कंदील चौकाजवळ भेटला. उंच, किडकिडीत, कोपरांवर विटलेला निळा शर्ट, आणि हसताना वरची हिरडी दिसायची. मला म्हणाला, "धाकट्या बाई, तुमच्या ताई रोज मला विचारतात, पिंपळनेरला ऑपरेशन थिएटर आहे का. मी म्हणतो, एक खोली आहे, दिवा तुम्ही आणा." त्याने आम्हाला पावभाजी खाऊ घातली आणि स्वतः नुसता पाव खाल्ला. त्याच्या वडिलांचा बॅण्ड होता. खानदेशात लग्नसराईत बॅण्डवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या चार महिन्यांत तोही लाल कोट घालून ट्रम्पेट वाजवायचा आणि त्यावर त्याचं शिक्षण चालायचं. हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी चमच्यातली भाजी खाली ठेवली. आमच्या घरात एवढी मोठी गोष्ट कुणी उघड्या तोंडाने सांगितली नसती. परतताना मी ताईला विचारलं, "भाऊंना काय सांगशील?" ती म्हणाली, "त्याला बघितल्यावर भाऊंना काही सांगावं लागणार नाही." तिचा चेहरा त्या वेळी असा होता की मला तिचा हेवा वाटला. मी सोळा वर्षांची होते.

ठरलं ते असं. मे महिन्यात ताई जळगावला आली की तिसऱ्या रविवारी अशोकने घरी यायचं आणि भाऊंशी बोलायचं. कॉलेजमधला एक मुलगा भेटायला येणार आहे एवढं तिने भाऊंच्या कानावर घातलंही होतं. भाऊंनी मायला हॉलमधल्या खुर्च्यांच्या गाद्यांना नवे अभ्रे शिवायला सांगितलं. त्यांना कळलं होतं. ताई त्या दिवसांत घरभर गुणगुणत हिंडायची.

त्या रविवारच्या अलीकडच्या बुधवारी मॅनेजरीणबाईंच्या मुलीचं लग्न होतं. मुलगा क्लास वन, नाशिकचा, ताईसाठी ज्याचा फोटो आला होता तोच. मंगल कार्यालय गावातलं सगळ्यांत मोठं. मंडळातल्या बायकांनी ठरवून पांढऱ्या साड्या घेतल्या होत्या, चंदेरी काठाच्या. ताईनेही तीच नेसली होती आणि मला पहिल्यांदाच साडी मिळाली होती, तिची जुनी मोतिया. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन इतकं की फाटकातल्या रांगोळीकडे बघवत नव्हतं. वरात यायची होती म्हणून आम्ही मंडळाच्या मुली गुलाबपाण्याच्या झाऱ्या घेऊन फाटकाशी दोन ओळींत उभ्या होतो, आणि आमच्या मागे आमच्या आया. वराकडच्यांनी धुळ्याकडचा बॅण्ड सांगितला होता, हे आम्हाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

बॅण्ड कोपऱ्यावरून वळला. लाल कोट, सोनेरी झालरी, डोक्यावर तुरेवाल्या टोप्या. पुढे एक म्हातारा क्लॅरोनेट वाजवत होता, आणि त्याच्या उजव्या हाताला अशोक. घामाने त्याचा कोट काळा पडला होता, गाल फुगले होते. फाटकापाशी येऊन ते थांबले, कडेला झाले, वराला पुढे वाट करून दिली. वाजवणं थांबलं. आमच्यात आणि त्यांच्यात चार हातांचं अंतर असेल. अशोकने ट्रम्पेट खाली केला, बाहीने तोंड पुसलं आणि आमच्या ओळीकडे बघितलं. तो हसला. हिरडी दिसेल असं, पाच कंदिलाजवळ हसला होता तसंच.

मागे मॅनेजरीणबाई उभ्या होत्या, तहसीलदारीणबाई होत्या, माय होती. मी काही विचार केला नाही. हात आपोआप गेला आणि मी ताईची साडी कमरेपाशी धरून ओढली. एवढंच. निंबाकाका दिसल्यावर आम्ही एकमेकींना असंच खुणवायचो. ताईची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सरळ पुढे गेली, वऱ्हाडातल्या कुणाच्या तरी छत्रीवर जाऊन थांबली, आणि तिने वराच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फार छान जमलं, असं मला वाटलं. मला तेव्हा खरोखर तसंच वाटलं होतं, आणि रविवारी तो घरी आला की आम्ही तिघं यावर पोट धरून हसू, असंही वाटलं होतं.

मंगल परिणय झाला, भन्तेजींनी आशीर्वाद दिले, पंक्ती उठल्या. बॅण्डवाल्यांची पंगत शेवटी, मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ बसते. ताई तिकडे जायला निघाली होती, हातात जिलेबीचं ताट घेऊन. आता बायका आत होत्या, आता ओळख दाखवायला हरकत नव्हती. मी तिच्या मागोमाग गेले. पण तिथे पत्रावळी तशाच मांडलेल्या होत्या. वाढप्याने सांगितलं की बॅण्डमास्तरांनी सामान टेम्पोत भरायला लावलं, जेवले नाहीत, पाणी पिऊन गेले.

रविवारी ताईने स्वतः पुरणाचे मांडे केले. खापरावर मांडा टाकायला मनगट लागतं, तिला कधी जमायचं नाही, त्या दिवशी जमले. भाऊ सकाळपासून इस्त्रीच्या कपड्यात पेपर घेऊन हॉलमध्ये बसले होते. अकरा वाजले, एक वाजला. तीन वाजता भाऊ उठले आणि म्हणाले, "उज्ज्वला, एसटीचं काही खरं नसतं. जेवून घेऊ." जेवताना ते मांड्यांची फार तारीफ करत राहिले. ताई हो, हो म्हणत होती. ताट धुवायला मागे गेली ती बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याला गेली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली. अशोक तिला होस्टेलच्या फाटकापाशी भेटला होता. रागावला नव्हता, भांडला नव्हता. परीक्षा झाली की पुढे काय करायचं ते तो एकट्याने ठरवणार आहे, एवढंच म्हणाला. तिने आमच्या घरच्या नियमाबद्दल त्याला सगळं सांगितलं. कप, निंबाकाका, मागचं दार. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे असं काही नाही गं, उज्ज्वला. त्यामुळे मला कळलं नाही." हे तिने मला पलंगावर पडल्या पडल्या, छताकडे बघत, एखाद्या पेशंटची हकीकत सांगावी तसं सांगितलं. मग भिंतीकडे तोंड केलं. मी साडी ओढल्याचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

मायला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण आठ दिवस ताई धड जेवली नाही तेव्हा तिने मला मोरीत कोंडून विचारलं आणि मी बोलून गेले. ती मोरीच्या कट्ट्यावर खाली बसली. भाऊंना तिने माहेरी जाऊन येते म्हणून सांगितलं आणि मला घेऊन पिंपळनेरच्या गाडीत बसली. साक्री मागे पडलं तसा तिचा पदर डोक्यावर आला, आणि शेजारच्या बाईशी ती मोठ्याने अहिराणीत बोलायला लागली. इतकी वर्षं पडद्याबाहेर जी बाई शब्द तोलून बोलायची ती एसटीत हातवारे करून हसत होती. मला तिची लाज वाटली नाही. तेवढं एक तरी माझ्या हिशेबी चांगलं धरायला हरकत नाही.

मास्तरांचं, म्हणजे अशोकच्या वडिलांचं, आबांचं, घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मोठा ढोल, खुंट्यांवर ओळीने लाल कोट. अशोकच्या आईने आम्हाला बघितलं, कोण ते ऐकलं, आणि माय बोलायला लागली तसा हात वर केला. "पहिले जेवा, मंग बोला." उडदाची डाळ, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचलेला खुडा. जेवण होईपर्यंत मास्तर दाराशी पाठ टेकून बसून होते. पांढरी मिशी, ओठावर क्लॅरोनेटचा घट्टा. मायने हात धुतले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मास्तर, चूक मनी शे. पोरनी नही. मीच तिले हाई शिकाडं." चूक माझी आहे, मीच तिला हे शिकवलं.

"बाई, माले राग नही," मास्तर म्हणाले. "तुमनी पोर गुणनी शे. पन हाऊ ऐकस नही."

हाऊ म्हणजे हा, अशोक. तो आतल्या खोलीत होता. बाहेर आला, मायच्या पाया पडला, मला "धाकट्या बाई, कॉलेज कसं आहे?" म्हणून विचारलं. शेजारच्या दोन बायका दारात डोकावल्या तर त्यांना मोठ्याने म्हणाला, "या उज्ज्वलाच्या आई, जळगावहून आल्या आहेत." मायने मान खाली घातली. मग तो बसला आणि मायकडे बघून शांतपणे बोलला. "आई, मला एकट्याला तिने ओळखलं नसतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तुमच्या घरात काय झालं ते तिने सांगितलं, तेही मला पटतं. पण त्या दिवशी मी आबांना सांगितलं होतं, ती बघा, चंदेरी काठाची, झारीवाली, तीच. आबांनी टोपी काढली. केस सारखे केले. ते टोपी हातात धरून उभे होते. नंतर ती त्यांना परत डोक्यावर घालता येईना." त्याने दाराशी बसलेल्या मास्तरांकडे बघितलं. "मी तिच्याशी लग्न केलं तर ते माझ्यासोबत येतील, हसतील, सगळं करतील. मला रोज ते आठवेल. तिलाही मग मी कधी तरी त्याची शिक्षा देईन. मला ते करायचं नाही." मास्तर उठून बाहेर गेले. अशोकच्या आईने मायच्या ओटीत नारळ घातला. आम्ही स्टँडवर येईपर्यंत अशोक सोबत होता, गाडीत जागा धरून दिली, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला.

परतीच्या वाटेवर मायने माझ्याकडून वचन घेतलं. टोपीचं उज्ज्वलाला कधी सांगायचं नाही. बाकी काहीही सांग, तो ऐकत नाही म्हण, अडेलतट्टू आहे म्हण, पण हे नाही. हे ऐकलं तर पोर उभी राहायची नाही. घरी आल्यावर ताईने दारातच विचारलं, "काय म्हणाला?" माय म्हणाली, "हट्टी शे." ताईने मान हलवली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. त्यानंतर त्या घरात त्याचं नाव निघालं नाही. भाऊंनी खुर्च्यांचे नवे अभ्रे काढायला सांगितले, ऊन लागून रंग जातो म्हणून.

ताई सर्जन झाली. मंडळाने सत्कार केला. पुढे लग्नही झालं, औरंगाबादच्या क्लास वनशी, दुसरा फोटो. माणूस सभ्य होता. कधी वर आवाज केला नाही आणि कधी जवळ बसून गप्पा मारल्या असंही मला आठवत नाही. लग्नात बॅण्ड नको एवढंच ताईने सांगितलं होतं, आणि मंडळातल्या बायकांना ते फार पुढारलेपणाचं वाटलं. अशोक पश्चिम पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात गेला आणि तिथेच राहिला असं कानावर यायचं. मास्तर गेल्याचं निंबाकाकांच्या मुलाकडून कळलं. भाऊ गेले, माय गेली. माय शेवटच्या दुखण्यात फक्त अहिराणी बोलायची आणि नर्सना काही कळायचं नाही. मी नोकरी केली, संसार केला, आणि या सगळ्या वर्षांत ताई माझ्यासमोर आली की माझी बोटं त्या साडीच्या निरीपाशी जाऊन थांबायची. मी ओढलं नसतं तर? तिने हसून मान हलवली असती. मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली असती. रविवारी मांडे खाल्ले असते.

मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे धुळ्याला गेले होते. तिच्या यजमानांना जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा परदेशात. दुपारी आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होतो. तिची बोटं अजून तशीच चपळ. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं. "ताई, त्या लग्नात मी तुझी साडी ओढली होती. मी ओढली नसती तर तू हसली असतीस त्याच्याकडे. पस्तीस वर्षं मी हे घेऊन बसले आहे."

तिने हातातला घाटा सोलून संपवला. टरफल बाजूला ठेवलं.

"ओढली होतीस का?" ती म्हणाली. "मला नाही कळलं, बेबी. मी त्याच्या आधीच मान फिरवली होती." मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "त्याच्या वडिलांनी टोपी काढली ना माझ्यासाठी, तेव्हाच."